सोयाबीन विकेपर्यंत रेंज नाही

वऱ्हाडातल्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली कोणती, हे विचारावं लागत नाही. घराच्या पार पोटात जी असते ती. तिला खिडकी नसते. असलीच तर हातभर, आणि तीही गोठ्याकडे उघडणारी. वारा शिरत नाही, ऊन शिरत नाही आणि पाहुण्याची नजर तर मुळीच शिरत नाही, अशी ती जागा घरातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून ठेवलेली असते. वायफायच्या लहरी कुठे पोचणार नाहीत ते सांगा, असं एखाद्या अभियंत्याला विचारलं असतं, तर यंत्रं-बिंत्रं लावून त्यानेही शेवटी याच खोलीच्या उंबऱ्यावर खडूने फुली मारली असती.

राउटर मात्र दाराजवळच्या ढाळजेत. तार रस्त्यावरून येते, केबलवाल्याच्या पोराला चपला काढून आत यायचा कंटाळा असतो, टीव्ही ढाळजेत असतो आणि महिन्याचे पैसे देणारा माणूसही तिथेच तक्क्याला टेकून बसलेला असतो. एवढी भक्कम कारणं असताना राउटर आत जाईल कशाला? आमच्या घरी तो वडिलांच्या हार घातलेल्या फोटोखाली खिळ्याला टांगला आहे. दसऱ्याला वडिलांबरोबर त्यालाही झेंडू मिळतो.

ढाळज ते आतली खोली या वाटेवर आमच्या खानदानाचा सगळा इतिहास रचून ठेवलेला आहे. पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाडीच्या भिंती. पितळी भांड्यांची मांडणी. आईचं एक आणि वहिनीचं एक अशी दोन लोखंडी कपाटं, त्यांतल्या एकाच्या दाराला माणूसभर आरसा. मग देवघर. मग गव्हाची पत्र्याची कोठी. रेडिओलहरींचं असं असतं की धातू त्यांना परतवून लावतो, आरशामागचा मुलामाही परतवून लावतो, आणि पावसाळाभर ओल प्यालेली मातीची भिंत त्यांना गिळून टाकते. चोर, वारा आणि शेजारी यांच्यापासून घर राखायला वाडवडिलांनी जे जे केलं, ते सगळं इंटरनेटलाही तितकंच चोख अडवतं.

आमचं गाव शिरपूर, मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम. जैनांचं मोठं तीर्थ. इथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. त्यामुळे कशाचा आधार नसताना, मधे तार-बिर काही नसताना एखादी गोष्ट टिकून राहते, यावर आमच्या गावाचा विश्वास इतरांपेक्षा लवकर बसतो. तो डळमळीत करायला वायफायच यावं लागलं.

कोजागिरीच्या सुमाराला पुतणीला, म्हणजे दादाच्या लेकीला, मुलगी झाली. जावई पुण्याला, हिंजवडीत नोकरीला. बाळ पाहून, सुट्टी संपवून ते परत गेले आणि मागोमाग कुरियरने एक खोकं आलं. खोक्यात एक पांढरा गोल कॅमेरा. त्याला म्हणे अंधारात दिसतं, बाळाचा आवाज ऐकू येतो, खोलीचं तापमान कळतं, बाळ रडलं की तो फोनवर निरोप देतो, आणि पुढे बाळ पाळण्यात उभं राहिलं तर तेही सांगतो. जावयांनी हे सगळं व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. म्हणजे सुरुवातीचं सांगितलं. पुढचं सांगताना त्यांचा चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजला आणि तसाच राहिला.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी इतके जन काय करून रायलो?"

प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी खोलीत पुतणी, वहिनी, मदतीला आलेली आत्या, मालीश करणारी बाई, माझी बायको आणि स्वतः आई एवढ्या बाया होत्या, आणि दारात शेजारच्या दोघी आत यायची वाट पाहत उभ्या होत्या. त्या खोलीत बाळाकडे कुणाचं लक्ष नाही असा क्षण सापडणं अवघड. लक्ष कमी पडत नव्हतं, श्वास घ्यायला जागा कमी पडत होती.

हे यंत्र मुळात दुसऱ्याच प्रकारच्या घरासाठी जन्मलं. १९३२ साली अमेरिकेत विमानवीर लिंडबर्गच्या लहानग्या मुलाला घरातून पळवून नेलं आणि त्याचा खून झाला. सगळा देश हादरला. झेनिथ या रेडिओ कंपनीचा प्रमुख यूजीन मॅकडॉनल्ड याच्या मनाने तेव्हा घेतलं की दूरच्या खोलीत निजलेल्या बाळाचा आवाज आईबापांना ऐकू यायला हवा. १९३७ साली 'रेडिओ नर्स' बाजारात आली. एक खोकं पाळण्याजवळ, दुसरं आईबापांजवळ, आणि आवाज जायचा घरातल्याच विजेच्या तारांतून. ऐकायच्या खोक्याचं रूप घडवलं इसामू नोगुची या शिल्पकाराने. आज ते संग्रहालयांत ठेवलेलं आहे. बेकेलाइटचा, डोईवरून टापशी घेतल्यासारखा तो नर्सचा मुखवटा दिसायला देखणा, पण त्यातून मधेच भलतंच काहीतरी प्रक्षेपण ऐकू यायचं. म्हणजे बेबी मॉनिटर आणि सिग्नलची कटकट ही जुळी भावंडं आहेत, आमच्या गावात येऊन काही बिघडलेलं नाही.

पण ते घर मोठ्या खोल्यांचं आणि थोड्या माणसांचं. आमचं उलट. आमच्याकडे तो कॅमेरा बाळासाठी नव्हताच. तो चारशे किलोमीटरवर बसलेल्या बापासाठी होता, ज्याला सगळ्यांच्या आधी मुलगी दिसायला हवी आणि सगळ्यांच्या शेवटी दिसत होती. हे ध्यानात आल्यावर दादाची चिडचिड थांबली. "त्याले दिसू द्या," तो म्हणाला. एवढं म्हणून वायफायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. मी निवृत्त शिक्षक असल्याने आणि गावातल्या अर्ध्या लोकांचे पीकविम्याचे फॉर्म माझ्या फोनवरून भरले जात असल्याने, तंत्रज्ञान हा माझा विषय आहे असा घरात समज आहे.

पहिली अडचण वायफायची नव्हतीच. अ‍ॅप उघडलं की ते बाळाचं नाव विचारायचं, आणि नाव दिल्याशिवाय पुढे हलायचं नाही. बारसं व्हायचं होतं. बारशाआधी नाव उच्चारायचं नाही, आणि उच्चारायचंच झालं तर आत्याने, बाळाच्या कानात. कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरच्या कानात आधी सांगायचं, ही कल्पना आईला मुळीच पसंत पडली नाही. शेवटी नावाच्या रकान्यात 'बाळ' आणि आडनावाच्या रकान्यात पुन्हा 'बाळ' असं भरलं. कॅमेऱ्याने ते मुकाट्याने घेतलं. अजूनही त्याच्या लेखी ती बाळ बाळच आहे.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. पाटावर कोरा कागद, लेखणी, दिवा, सगळं रीतसर मांडलं. जावयांनी गमतीने आधीच सांगून ठेवलं होतं की आज मी जागा राहणार, रेकॉर्डिंग करणार. मध्यरात्री लाइन गेली. आतल्या खोलीतला पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले. ढाळजेतला राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, तो गेला. लाइन आली, राउटरने डोळे उघडून, दिवे लुकलुकवून, जगाशी पुन्हा सोयरीक जमवायला दोन-तीन मिनिटं घेतली, तेवढ्यात लाइन परत गेली. पहाटेपर्यंत हेच. सटवाई येऊन गेली असावी, पुरावा नाही. आमच्या घरात 'बफरिंग' कशाने आलं, असं पुढे कुणी विचारलं की मी सांगायचो, पाचवीलाच पुजलेलं आहे.

रडण्याच्या निरोपाची कथा आणखी वेगळी. बाळ ट्यँ करायचं. खोलीतल्या सगळ्या एकदम पुढे सरायच्या. कुणी पदर सावरायचं, कुणी दुपटं बदलायचं, आत्या अंगाई धरायची. बाळ शांत व्हायचं. सगळ्या मागे टेकायच्या. तोवर कॅमेऱ्याने तो आवाज ढाळजेपर्यंत, तिथून केबलवाल्याकडे, तिथून कुठल्या तरी सर्व्हरवर, तिथून हिंजवडीला पोचवलेला असायचा. मग दादाचा फोन वाजायचा.

"बाबा, बाळ रडतंय."

"नाही बुवा."

"अ‍ॅप दाखवतंय."

दादा ढाळजेतून हाक मारायचा, "वं, पोरगी रडून रायली काय?" त्या हाकेने बाळ दचकून उठायचं आणि खरोखर रडायला लागायचं. "हो, रडते," दादा फोनवर कबूल करायचा. जावयांचा अ‍ॅपवरचा विश्वास त्यामुळे दिवसेंदिवस दृढ होत गेला.

आणि धुरी! बाळाला न्हाऊ घातलं की पाळण्याखाली निखाऱ्यांचं घमेलं येतं. त्यावर ओवा, वावडिंग, शेपा, चिमूटभर गुग्गुळ पडतो. खोली अशी भरते की समोरची व्यक्ती आत्या की वहिनी, हे खोकल्यावरून ओळखावं. डॉक्टर नको म्हणतात, पुतणीही नको म्हणत होती, त्यामुळे धुरीचा वेळ थोडा कमी केला होता, एवढंच. नेमकं एका दिवशी धुरीच्याच वेळी वायफाय ठणठणीत चाललं. जावई ऑफिसच्या मीटिंगमध्ये. फोनवर त्यांनी पाहिलं तर स्क्रीन पांढरीफटक, मधून एक लाल निखारा आणि कुणाची तरी लुगड्यातली पाठमोरी धावपळ. त्यांनी पुतणीला फोन केला. तिचा फोन धुरीच्या वेळी बाहेर ठेवलेला. वहिनीला केला, तिचे हात तेलाचे. मग त्यांनी गावातल्या दोन मित्रांना फोन केले. मित्र कळशा घेऊन आले. आले ते आलेच, चहा पिऊन गेले. खोलीचं तापमान दाखवणारा आकडा त्या दिवशी लाल झाला होता, हे जावई अजून विसरलेले नाहीत.

शेवटी केबलवाल्याला बोलावलं. पोरगा चुणचुणीत. त्याने भिंतीवरची बारीक पिवळी तार काढून हातातल्या छोट्या मीटरात खुपसली आणि आकडा वाचला.

"काका, पावर मायनस एकवीस. मस्त हाये."

दादा गोंधळला. "मायनस हाये तर मस्त कसं?"

"मायनस अठ्ठावीसच्या खाली गेलं तर बेक्कार. एकवीस म्हंजे एक नंबर. लाल लाइट लागते काय? नाई लागत. म्हंजे माही लाइन क्लिअर. पुढचे भिताडं तुमचे."

इतकं नेमकं निदान मी कुठल्या शहरी माणसाकडून ऐकलं नाही. फायबर घरापर्यंत येतो तो प्रकाश घेऊन. त्याचं काम ढाळजेत संपतं. पुढचा प्रवास लहरींचा, आणि तो भिताडांशी. पण हे घरात कुणाला पटत नाही. चित्र अडकलं की सगळ्यांचा एकच उपाय: मोठा प्लॅन. जावयांनी पुण्यातून ऑनलाइन शंभर एमबीपीएसचा तीनशे केला. ढाळजेत दादाचं कीर्तन लखलखीत दिसायला लागलं. आतल्या खोलीत फरक शून्य. बरं, कॅमेऱ्याला चित्र पाठवायला लागतं ते अपलोड, आणि तेही एक-दोन एमबीपीएस पुरे. तीनशेपैकी दोन आतून बाहेर निघत नव्हते. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या राजा विंध्यशक्तीचा ताम्रपट दीड हजार वर्षांनंतर लोकांच्या हाती लागला, पण वाचता आला. वाकाटकांचाच एक प्रधान वराहदेव याने अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोरलेला लेखही अजून तिथे आहे. वाशिमचा मजकूर बाहेर पोचायला वेळ लागतो, पण पोचतो, असं मी जावयांना समजावलं. त्यांना त्या वेळी इतिहासात रस नव्हता.

मग लहरींची भानगड समजून घ्यावी लागली. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचवाला वेगवान, पण भिंत दिसली की पाय गळतात. २.४ वाला संथ, पण भिंतीतून थोडाफार वाट काढतो. असले कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेलं असेल तर फोन बसतो पाचवर, कॅमेरा शोधतो दोन-पॉइंट-चारवर, आणि दोघं एकमेकांच्या नावाने हाका मारत बसतात. दोन वेगळी नावं ठेवली, तेव्हा कुठे त्यांची गाठ पडली.

आता हा २.४ चा पट्टा म्हणजे गावचं गायरान. २००५ साली केंद्र सरकारने तो परवान्याशिवाय खुला केला, तेव्हापासून ज्याला त्याला आपली गुरं तिथेच सोडायची असतात. शेजाऱ्याचा राउटर तिथे, पोरांचे ब्लूटूथचे स्पीकर तिथे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. त्या गायरानात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा तीनच, चॅनल एक, सहा आणि अकरा. आळीतले सगळे राउटर सहावर ठाण मांडून बसलेले. आमचा मी अकरावर नेला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचाही अकरावर आला. राउटर आपोआप जागा बदलतात, हे मला माहीत आहे. पण आमचे आणि त्यांचे बांधावरून जुने वाद आहेत, त्यामुळे दादाने तो योगायोग मानला नाही.

मायक्रोवेव्ह आमच्या घरात जावयांनीच पाठवला होता, बाळाच्या बाटल्या वाफवायला. तो २.४५ वर चालतो. दारातून त्याची थोडीशी गळती होते. माणसाला तिचा त्रास नाही, कॅमेऱ्याला आहे. बाटल्या वाफेवर ठेवल्या की पलीकडच्या खोलीत बाळ मूर्तीसारखं स्थिर व्हायचं. हे कळायला आम्हाला काही दिवस लागले, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून गूढ संकेत मिळत होते. कामाच्या वेळेत, विशेषतः दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. शास्त्रज्ञांनी त्यांना 'पेरिटॉन' असं पुराणातल्यासारखं नावही ठेवलं. २०१५ साली उलगडा झाला: खालच्या स्वयंपाकघरात कुणीतरी घाईने, टिंग व्हायच्या आधीच मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. यातली मजा पुढे आहे. ती दुर्बीण सीएसआयआरओ या सरकारी संस्थेची, आणि वायफाय ज्यावर उभं आहे त्या एका कळीच्या तंत्राचं पेटंटही त्याच संस्थेकडे होतं. जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम, आणि त्याची मुळं ओसलिव्हन यांनी पूर्वी कृष्णविवरं धुंडाळली होती त्यात होती. ज्यांच्या घरात वायफायचा पाळणा हलला त्यांनाही भाकरी गरम करणारा डबा सतरा वर्षं सापडला नाही. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाटल्या गॅसवर उकळतो मी." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मधे वानरांनीही हातभार लावला. आमच्याकडे काळ्या तोंडाची वानरं टोळीने येतात आणि महावितरणच्या खांबांवरून गेलेल्या केबलवर कसरती करतात. ती आली की आळीभर लाल लाइट. वाराणसीत २०१५ साली गंगेच्या घाटांवर टाकलेली फायबरची तार माकडांनी कुरतडून खाल्ल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. आमच्या वानरांची बातमी होत नाही, एवढाच फरक. केबलवाल्याचा पोरगा सांधा जोडण्याचं यंत्र घेऊन यायचा, चिमटीत न गवसणारे दोन काचेचे तंतू समोरासमोर ठेवायचा, ठिणगी पडायची आणि ते एक व्हायचे. आई खुर्ची टाकून ते बघत बसायची. तिला कॅमेऱ्यापेक्षा तेच जास्त आवडलं.

एवढं सगळं केलं तरी चित्र मधेच तुटत होतं आणि कारण सापडत नव्हतं. सापडलं ते मधल्या खोलीत, डोळ्यांसमोर. सोयाबीन.

आमचा जिल्हा सोयाबीनचा. ऑक्टोबरात मळणी झाली की पोती येतात ती मधल्या खोलीत, थप्पीवर थप्पी, पार आढ्याला टेकेपर्यंत. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात व्यापारी बराच खाली मागत होते. दादा म्हणाला, भाव आल्याशिवाय पोतं हलणार नाही. आता सोयाबीनच्या दाण्यात ओलावा असतो. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांपर्यंत चालतो, त्याहून जास्त असला तर माल परत. पाणी म्हटलं की २.४ च्या लहरी शोषल्या जाणारच. राउटर आणि बाळ यांच्यामध्ये आमची पूर्ण वर्षाची कमाई आडवी पडलेली, आणि तिच्यात हवा तेवढा ओलावा.

हे मी दादाला सांगितलं. दादाने थप्पीकडे पाहिलं, मग राउटरकडे.

"म्हंजे भाव आला की रेंज येईन?"

"येईल."

त्याने हे जसंच्या तसं जावयांना कळवलं. त्या दिवसापासून हिंजवडीतला एक सॉफ्टवेअर अभियंता रोज सकाळी वाशिम बाजार समितीचे सोयाबीनचे भाव पाहू लागला. सासऱ्यांना फोन करून आवक किती, ओलावा किती, ब्राझीलमध्ये पेरा कसा आहे, असं विचारू लागला. जावयाला शेतीत गोडी लागली म्हणून दादा खूश. मी काही बोललो नाही.

भाव यायची वाट मात्र कोण पाहणार? नीती आयोगाने २०१८ साली आमच्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं आहे. आकांक्षा बाळगायला आम्हाला मुभा आहे. आधी मधल्या खोलीत रिपीटर लावून पाहिला. तो ऐकतो आणि तेच पुढे सांगतो. त्यालाच अर्धवट ऐकू आलं तर पुढे तेच अर्धवट. खरा उपाय एकच होता, तार. ढाळजेतल्या राउटरपासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत साधी लॅनची तार न्यायची आणि तिथे दुसरा छोटा डबा बसवायचा. वायरलेस यंत्राचं भलं शेवटी वायरनेच होतं, हे त्या पोराने मला हसत हसत सांगितलं.

भिंतीला भोक पाडायला आईची परवानगी नव्हती. सव्वा महिना होईस्तोवर ठोकाठोक नको, आणि देवघराच्या भिंतीला तर कधीच नको. पोरगा तार हातात घेऊन घरभर फिरला. माळ्यावर चढला, कोठीमागे गेला. शेवटी त्याला देवघराच्या वर, आढ्याशी, धूर जायला ठेवलेला झरोका सापडला. समईच्या काजळीने काळा झालेला. तार त्यातून गेली, माळ्यावरच्या जुन्या पाळण्याच्या कडीला एक वेढा घेऊन आतल्या खोलीच्या चौकटीवर उतरली. तिथे डबा बसला. दोन्ही डब्यांना बारा व्होल्टची छोटी बॅटरी लावली, की लाइन गेली तरी नेट राहावं. खर्च तीनशेच्या प्लॅनच्या दोन-तीन महिन्यांच्या फरकाएवढा. प्लॅन आम्ही परत शंभरावर आणला. दादाच्या कीर्तनात काही कमी पडलं नाही.

पासवर्ड बदला, असं मी जावयांना बजावून सांगितलं. कॅमेऱ्याचं दार परक्याला उघडं सापडलं की काय होतं ते २०१३ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका घरात दिसलं होतं: कुणी अनोळखी माणूस कॅमेऱ्यात शिरून निजलेल्या मुलीला शिव्या देत होता. आईला ते ऐकून धक्का बसला. आपल्या मर्जीशिवाय पाळण्यापर्यंत येणारी तिच्या माहितीत सटवाई एकटीच, आणि तीही लिहून निघून जाते, बोलत नाही.

आता चित्र काचेसारखं स्वच्छ. जावयांनी आनंदाने फोन केला. तक्रार मात्र होतीच. "काका, दिसतंय एकदम क्लिअर. पण फक्त आजींची पाठ दिसते." आई पाळण्याची दोरी धरून कॅमेरा आणि बाळ यांच्या बरोब्बर मधे बसलेली असायची. कॅमेऱ्याची जागा बदलली की तिचीही बदलायची. हा तिढा सोडवायला एमबीपीएस कामाचे नव्हते आणि तिला सरकायला सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

पौषाच्या आधी पुतणी बाळाला घेऊन पुण्याला गेली. कॅमेरा इथेच राहिला. त्यांचा फ्लॅट एवढासा की बाळाने उसासा टाकला तरी स्वयंपाकघरात ऐकू येतो. तिथे तो लावून उपयोग काय? मग तो आतल्या खोलीच्या हातभर खिडकीत, गोठ्याकडे तोंड करून बसवला. सुचवलं आईने. म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि माघाच्या थंडीत रात्री उठून दादाने गोठ्यात किती फेऱ्या मारायच्या? दादा अंथरुणातून फोनवर बघायचा. अंधारात म्हशीचे दोन डोळे चमकायचे. रेंज पूर्ण.

जावयांच्या फोनवरून तो कॅमेरा काढून टाकायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं. एका रात्री, दोन-अडीचच्या सुमाराला, दादाचा फोन वाजला. जावई झोपेतच होते, पण घाबरलेले.

"बाबा, अ‍ॅप सांगतंय बाळ उभं राहिलंय! बाळ तर इथे माझ्याजवळ झोपलंय!"

दादा बॅटरी घेऊन गोठ्यात गेला. पाय लटपटत होते, पण उभं राहिलं होतं खरं.

"बरोबर सांगते तुमचं अ‍ॅप," तो म्हणाला. "वगार झाली." आणि फोन खिशात टाकून त्याने वहिनीला चिकासाठी भांडं घासून ठेवायची हाक मारली.